सात नंबरवरची टिटवी

"पाय! पाय खाली ठेवू नको!"

माझा उजवा पाय हवेत. एका हातात रंगांच्या डब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आत्यानं दिलेला जेवणाचा डबा... आणि डोक्यावर एक पक्षी बोंबलत घिरट्या घालतोय. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं करायचं तरी काय? मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहिले.

"आता मागं ये. हळू... आलीस तशीच."

आवाजाचा मालक धावत आला. उन्हानं रापलेला, केस ओले, गळ्यात शिट्टी. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, तो थेट माझ्या पायाखाली बघत होता. मीही बघितलं. मला गोटेच दिसले. नदीकाठी असतात तसले, करडे, मातकट.

"काय आहे तिथे?"

"नीट बघ."

मी वाकले. गोट्यांच्या मधल्या एवढ्याशा खळग्यात चार अंडी होती. मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. आणखी वीतभर पुढे पाय पडला असता तर...

"टिटवी हाय," तो म्हणाला. "आज सतरावा दिवस. अजून धा-अकरा दिवस काढले का पिल्लं भायेर येतील." मग कुठे त्यानं वर बघितलं. "तू जोह्याची ना? रंगवायला आलेली?"

"रंगवायला नाही, आखणीला," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "रंग कोणीही देतं."

तो हसला. समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. एवढं कशाला लक्षात राहिलं माझ्या, कोण जाणे!

त्याचं नाव जितेश. रोह्याच्या वर कुंडलिकेच्या काठी पोपटशेठचा हा कॅम्प, बारा तंबूंचा, आणि तो सगळा जितेशच्या अंगावर. सकाळी धरणातून पाणी सोडलं की पाहुण्यांना राफ्टमध्ये घालून नदीतून न्यायचं, दुपारी तंबू बघायचे, संध्याकाळी चुलीला लाकडं आणायची. मला पोपटशेठनं बोलावलं होतं ते तंबूंचे नंबर नदीतल्या मोठ्या गोट्यांवर रंगवायला आणि चार पाट्या करायला. पुढच्या शनिवारी कुठल्याशा कंपनीची चाळीस माणसं येणार होती, त्याआधी सगळं झकपक हवं होतं. पेणजवळ जोह्याला आमचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्तीचे डोळे काढणं, म्हणजे आखणी, हे माझं काम. बाबा, म्हणजे हैबतराव, चारचौघांत सांगतात, "आमच्या निशिगंधाचा हात लागला की मूर्ती बघायला लागते." मेमध्ये खरं तर कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते. पण दहा दिवसांची सुट्टी मी भांडून घेतली होती आणि रोह्याला आत्याकडे मुक्काम टाकला होता.

"पण ही जागा तर सात नंबरच्या तंबूची," मी यादी बघून म्हटलं.

"हळू बोल गो," जितेश म्हणाला. "शेठना सांगितलंय, सात नंबरचे बांबू मोडलेत."

"मोडलेत?"

"मोडतील... लागलं तर."

अशी आमची ओळख झाली.

मला वाटलं होतं, पक्षी बघणं म्हणजे रिकामटेकड्यांचं काम. पण दुपारी रंगाचा हात वाळायला ठेवला की मी आपोआप जितेशशेजारी करंजाच्या सावलीत जाऊन बसायची. त्याच्याकडे जुनी दुर्बीण होती, एका डोळ्याची काच तडकलेली. ती आम्ही आळीपाळीनं वापरायचो, म्हणजे तो मला द्यायचा आणि मी परत द्यायची नाही.

"ती बसलीय ती बायको का नवरा?"

"दोघं सारखेच दिसतात. आळीपाळीनं बसतात. आता बघ हां... तो नदीवर चाललाय बघ."

पिवळ्याधमक लांब पायांनी तो पक्षी तुरुतुरु पाण्यापर्यंत गेला, पाण्यात बसला, पोट भिजवलं आणि तसाच निथळत परत आला. बसलेली उठली, हा बसला.

"अंडी उन्हानं तापतात ना," जितेश म्हणाला. "म्हनून पोटाशी पानी घेऊन येतात. दिवसातून धा-धा फेऱ्या. इथली सावली सोडून बसायचं उन्हात, आणि वरून पानी वाहायचं."

"बरा नवरा आहे."

"तुझ्या लिस्टमध्ये घालून ठेव," तो दुर्बिणीतून बघत म्हणाला, "पानी आननारा पायजे."

"माझी लिस्ट नाहीये."

"नाय? बरं झालं." आणि त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार, पण मी लगेच उठून ब्रश धुवायला गेले.

कॅम्पवर जेवण करायला हौसामावशी यायची, जवळच्याच गावातली. भात लावणारी बाई, पावसाचं गणित तिला सगळ्यांआधी कळायचं. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "टिटवी यंदा उंचवट्यावर बसलीय. चार अंडी, चार महिने पाऊस. बघशील तू पोरी." तिला आणखीही काही दिसत असावं. कारण दोन दिवसांनी ती आमच्या दोघांची भाकरी एकाच ताटात वाढायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची, "ताटं कमी हायत." चाळीस माणसांच्या कॅम्पवर!

रविवारी पनवेलच्या पाहुण्यांचा बॅडमिंटनचा खेळ रंगला होता. फूल उडालं ते नेमकं सात नंबरवर पडलं, अंड्यांपासून हातभर अंतरावर. एक बाई ते आणायला निघाल्या. जितेशनं असा काही सूर मारला, की बाईंना वाटलं त्यांच्यावरच झेपावतोय. अंडी वाचली. पण त्या रात्री आत्याकडे मला झोप येईना. अजून आठवडा होता, आणि कंपनीची चाळीस माणसं यायची होती. या पोराच्या जिवाला काय घोर लागलाय, ते मला कळत होतं. एवढंच नाही, तो घोर आता माझ्याही जिवाला लागला होता.

सोमवारी संध्याकाळी जितेश म्हणाला, "उद्या सकाळी घरी जाऊन येतो. मिठाचं काम हाय." त्याचं घर पेणकडे, खाडीकाठच्या गावात. मिठागर होतं त्यांचं. वडील, रघू म्हणून, अजून स्वतः मीठ ओढायचे. "दुपारपर्यंत येतो. सात नंबर तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" माझी छाती फुगली.

"नुसतं लक्ष ठेवायचं. काय करू नको."

आता काही न करणं हे आमच्या घराण्यात नाही. मूर्ती समोर असेल तर हात चाललाच पाहिजे. मंगळवारी सकाळी मी कावळे बघितले... दोन कावळे करंजावर बसून माना तिरक्या करत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कावळा कशाला घाबरतो? डोळ्याला! आणि डोळे काढणारं या तालुक्यात माझ्यासारखं कोण आहे? मी नंबरांसाठी आणलेले अकरा गोटे घेतले, पांढरा हात दिला, आणि प्रत्येकावर एक एक जोडी आखली. चांगले टपोरे, काजळाची कड असलेले, बुबुळात ठिपका दिलेले. टिटवी क्षणभर उठली तेव्हा ते गोटे तिच्या घरट्याभोवती गोल मांडले, डोळे बाहेरच्या बाजूला. काय दिसत होते म्हणून सांगू! मी फोटोसुद्धा काढला, जितेशला दाखवायला.

मग मी शेडखाली पाटी रंगवत बसले. बाहेर टिटवी ओरडत होती. ओरडतच होती.

"ती का गो कोकलतेय एवढी?" हौसामावशीनं विचारलं.

"कावळ्यांना हाकलत असेल," मी पाटीवरून नजर न काढता म्हटलं.

दीडच्या सुमारास जितेश आला. येताना शीळ घालत होता. ती मध्येच थांबली. मी ब्रश टाकून बाहेर पळाले. तो सात नंबरच्या कडेला उभा होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

अंडी उघडी होती. मेच्या भर उन्हात. दोन्ही टिटव्या दूरवर धावत होत्या, चार पावलं जवळ यायच्या, त्या बावीस डोळ्यांपुढे थबकायच्या आणि किंचाळत मागे पळायच्या. कावळ्यांसाठी लावलेले डोळे त्यांनाच आडवे आले होते. घरी यायची वाटच मी बंद करून टाकली होती.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"नऊ... साडेनऊ."

चार तास. त्यानं टॉवेल नदीत बुडवून आणला, अंड्यांवर सावली धरली, आणि मी गोटे उचलले. तो बोटाच्या मागच्या बाजूनं एका अंड्याला शिवला आणि हात मागे घेतला. मग आम्ही दूर झालो. पाच मिनिटांत एक टिटवी पोट भिजवून आली आणि बसली.

"ओरड ना माझ्यावर," मी म्हटलं.

"ओरडून काय व्हनार?"

"मग काय होणार आता? जगतील?"

"माहीत नाय. पंधरा मिन्टं असती तर हसलो असतो. चार तास..." त्यानं मान हलवली. "रविवारी कळंल."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बांबू मोजायला निघून गेला, आणि मला माझीच इतकी शरम वाटली, की आत्याकडे जाऊन पिशवी भरावी, मिळेल त्या गाडीनं घर गाठावं असं झालं. गेले नाही. ज्याचं नुकसान केलं, त्याच्याकडे पाठ फिरवून पळणं मला जमेना.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. आखलेला डोळा पुसायचा नाही. चुकला तर मूर्ती बाजूला ठेवायची, पण पुसायचा नाही. बाबांनी लहानपणी हातावर फटका मारून शिकवलेला नियम. त्या संध्याकाळी मी नदीकाठी बसून अकराच्या अकरा जोड्या काथ्यानं घासून काढल्या. रडत रडत. मग बुधवारभर तेच गोटे पुन्हा रंगवले... गोट्यांसारखे. खरंच सांगते, आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. सगळा जन्म लोकांनी बघावं म्हणून रंगवत आले, आणि आता कोणाचं लक्षच जाऊ नये असं रंगवायचं होतं. करडा, मातकट, मध्ये एखादी शेवाळाची रेघ.

गुरुवारी सकाळी मी जितेशला हाक मारली. "ये. या ढिगात अकरा गोटे माझे आहेत. ओळख."

त्यानं वाकून वाकून बघितलं. एक उचलला. तो खराच निघाला. दुसरा उचलला, तोही खरा. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मंगळवारपासून पहिल्यांदा त्याचे ते चढलेले दात दिसले.

"कमाल हायस गो तू."

"आता ठेवू का? विचारून ठेवतेय. तू नाही म्हणालास तर नदीत फेकते."

"ठेव," तो म्हणाला. "एकदम नको. दोन-दोन ठेवू, ती बसते का बघू."

आम्ही दोन ठेवले, थांबलो. टिटवी आली, बसली. आणखी दोन ठेवले. दुपारपर्यंत अकरा झाले. आता तिथे तंबू ठोकायला जागा नव्हती, आणि का नाही ते कोणाला कळलंही नसतं.

शनिवारी कंपनीची बस आली, आणि तिच्यापुढे पोपटशेठची गाडी. शेठ उतरले ते सरळ सात नंबरकडे निघाले. "जितेश, इथं का रिकामं? बांबू आणलेत मी गाडीतून."

खोटं बोलायला जितेश अगदी कच्चा.

"शेठ, तिथे रंग ओला आहे," मी म्हटलं.

"कशावर?"

"गोट्यांवर."

शेठनी गोट्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "ह्यांना रंग दिलाय? ह्याचे पैसे देतोय मी?"

तेवढ्यात टिटवी उठली, आणि शेठच्या पुढ्यात एक पंख लोंबकळत टाकून लंगडायला लागली, त्यांना घरट्यापासून दूर न्यायला. शेठ काय ते समजले. "च्यायला, अंडी! उचला आणि बाजूला ठेवा कुठंतरी. तंबू लागलाच पायजे."

"उचला की," हौसामावशी शेडच्या दारातून म्हणाली. पदराला हात पुसत ती सावकाश आली. "उंचवट्यावर बसलीय टिटवी. चार अंडी, चार महिने पाऊस. मोडायचं तर मोडा, शेठ. मंग श्रावणात नदीला पानी नसलं तर बोटी काय चिखलात ढकलताव?"

पोपटशेठ शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही, असं त्यांनीच आम्हाला दोनदा सांगितलं. मग डोकं खाजवलं. मग म्हणाले, "जितेश, तुझ्या खोलीत झोपतील दोघं. तू शेडमध्ये झोप." आणि निघून गेले.

रविवार उजाडला तेव्हा मी आत्याला उठवून पहिल्या विक्रम रिक्षातून कॅम्पवर पोचले होते. दुपारच्या गाडीनं मला जोह्याला परतायचं होतं. बाबांचे रोज दोन फोन येत होते, आखणीच्या मूर्तींची रांग लागली होती. जितेश करंजाखाली पालथा पडला होता. त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली.

टिटवीच्या पंखाखालून काहीतरी डोकावलं. कापसाचा बोळा, त्यावर काळे ठिपके, आणि खाली त्याच्या मानानं भलतेच लांब पाय. मग दुसरं. मी जितेशचा दंड इतका घट्ट धरला, की तो "आई ग" म्हणाला. आठ वाजता तिसरं आलं. अजून नीट वाळलंही नव्हतं, आणि गोट्यांमध्ये पळायला लागलं.

"जगली," मी म्हटलं. "जितेश... जगली रे."

"व्हय गो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

आम्ही चौथ्याची वाट बघत बसलो. नऊ वाजले. दहा वाजले. टिटवी उठायची, पुन्हा जाऊन बसायची. तिकडे तिघं नदीच्या दिशेनं निघाली होती आणि बाप त्यांना हाका मारत होता. अखेर तीही उठली. एकदा मागे वळली... आणि पिल्लांमागे गेली. खळग्यात एक अंडं राहिलं.

मी रडायला लागले. "ते माझ्यामुळे गेलं."

"चारांत एखादं जातंच, निशिगंधा. न तापता पन जातं."

"तू उगीच माझी समजूत काढू नकोस. मंगळवारी मी ते डोळे लावले नसते तर..."

"आणि मंगळवारी मी गेलो नसतो तर?" तो म्हणाला. मग गवताची एक काडी मोडायला लागला. "मिठाचं काम नव्हतं त्या दिवशी."

मी रडायची थांबले. "मग?"

"आईला सांगायला गेलेलो... तुझं." कान लाल, मान खाली. "एक पोरगी हाय म्हटलं जोह्याची. आई म्हनली, तिला इचारलंस? मी म्हटलं नाय. तर म्हनली, बावल्या, आधी तिला इचार, मंग मना सांग. म्हनून तसाच पळत आलो. गाडीत सगळं पाठ केलं काय बोलायचं ते. आणि येऊन बघतो तर..."

"...तर अंडी उन्हात."

"मग कसा इचारनार? तू रडत गोटे घासत व्हतीस. वाटलं, आता इचारलं तर तू माफी म्हनून हो म्हनशील. तसं नको व्हतं मला."

पाच दिवस! पाच दिवस हा मुलगा हे पोटात घेऊन माझ्याशेजारी बसला होता. मला त्याचा राग आला, हसू आलं, आणि छातीत असं काही भरून आलं, की ते एक अंडं आणि ती तीन पिल्लं आणि हा वेडा, सगळं एकदमच माझं वाटायला लागलं.

"विचार मग," मी म्हटलं. "आता माझ्याकडे माफी मागण्यासारखं काही शिल्लक नाही. मघाशीच रडून संपलं."

त्यानं काडी टाकून दिली. गाडीत पाठ केलेलं एक अक्षर त्याला आठवलं नसणार, कारण त्यानं एवढंच विचारलं, "येशील माझ्या घरी? कायमची?"

"व्हय," मी म्हटलं. त्याच्याच बोलीत, म्हणजे शंका नको.

मग मी हात पुढे केला. "फोन दे."

"कोनाला लावतेस?"

मी त्याच्या फोनवरचं 'आई' दाबलं. पलीकडे वारा वाजत होता, आणि कोणीतरी मोठमोठ्यानं कोंबड्या हाकलत होतं. "मी निशिगंधा बोलतेय," मी म्हटलं. "जोह्याची. त्यानं विचारलं मला."

कोंबड्या हाकलणं थांबलं.

"आणि? तू काय सांगितलंस गो, बाय?"

"हो म्हटलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या माउलीनं मोठ्या गंभीर आवाजात विचारलं, "तो रडतो हां मधून मधून. चालंल ना तुला?"

मी शेजारी बघितलं. जितेश हातांत तोंड लपवून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते, हसण्यानं की कशानं ते कळत नव्हतं.

"चालेल," मी म्हटलं.